लोणच्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाईंना प्रश्न विचारला की उत्तर त्यांचे यजमान देत. गिरगावातल्या आमच्या मासिकाच्या कचेरीत दोघं पहिल्यांदा आली, तेव्हा संपादक नानांनी विचारलं, "बाई, चहा घेणार?" वामनराव म्हणाले, "ती घेत नाही." "गोष्टी कधीपासून लिहिता?" "लहानपणापासून लिहिते ती." मी कोपऱ्यात प्रुफं तपासत होतो. बाई तेवढ्यात उठून खिडकीशी गेल्या, परत बसल्या, पुन्हा उठल्या. खुर्ची त्यांना मानवतच नसे.

वामनराव म्हणजे अस्सल नमुना! बायकोची प्रत्येक गोष्ट आधी स्वतः वाचणार, मगच छापायला आणून देणार. घरातलं बाहेर जाता कामा नये, हा दंडक. आणि गोष्टी कशावर? तोंडाला फडकं बांधलेल्या लोणच्याच्या बरणीवर, भिंतीला टेकवलेल्या पाटावर, जागच्या जागी फिरणाऱ्या जात्यावर. वामनराव खूश! "आमची ही माणसांच्या भानगडीत पडत नाही. जिन्नसांवर लिहिते." बाई पदराचं टोक पिळत म्हणायच्या, "जिन्नसांचं बरं असतं. त्यांची बदनामी होत नाही." डोळ्यांत अशी चमक, की हसू दाबायला मला प्रुफात तोंड खुपसावं लागे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. वामनराव रोज सभेला जात, मुंबईसाठी घसा बसेपर्यंत घोषणा देत आणि निघताना लालबागच्या खोलीला बाहेरून कुलूप घालत. "काळ वाईट आहे हो. गोळीबार होतो." आत बाई येरझाऱ्या घालत आणि लिहीत.

बरणीची गोष्ट दिवाळी अंकात आली. वामनरावांनी कचेरीत पेढे वाटले. तिथं नानांना भाषणाची उबळ आली. "मंडळी, ही बरणी म्हणजे संसारात कोंडलेली स्त्री! आणि फडकं आवळणारे हात कुणाचे? नवऱ्याचे!" टाळ्या सगळ्यांत आधी वामनरावांनीच सुरू केल्या होत्या. ते हात तसेच हवेत थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "चल," एवढंच म्हणाले. लिहिणं बंद झालं, कागद बंबात गेले.

पुढे एका हरताळाच्या दुपारी, ट्रामसुद्धा बंद असताना, बाई लालबागहून चालत आल्या. एकट्या! आम्ही उठून उभेच राहिलो.

"आणि कुलूप?" नानांनी विचारलं.

"शेजारच्या मालवणी काकूंनी फोडलं. म्हणाल्या, 'रडतंस कित्याक गो? थांब, वरवंटो हाडतंय!'"

पिशवीतून नवी गोष्ट काढून त्यांनी पुढे ठेवली. नाना वाचता वाचता पांढरेफटक पडले. "बाई, यात बरणी नाही, जातं नाही. सरळ कुमुद आहे, वामन आहे! प्रतीक कुठं गेलं?"

"ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनाच तुम्ही समजावून सांगितलंत. आता आडून कशाला बोलू?"

नानांनी घाम पुसला आणि गोष्ट जशीच्या तशी छापली. कुमुदबाई परत गेल्या नाहीत. वडाळ्याला बहिणीकडे राहिल्या, शाळेत शिकवू लागल्या, लिहीत राहिल्या.

खरं सांगतो, पुढच्या गोष्टींना पहिल्यांची सर नव्हती. एकदा धीर करून मी तसं बोललो. बाई गर्रकन वळल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"असेल हो! मग काय करू? चांगली गोष्ट सुचावी म्हणून पुन्हा नांदायला जाऊ?"