कार्ड आलं का गं?

भागीरथीबाईंच्या घरात भूत नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, आणि माणूस गेल्यावर मागे रेंगाळणारा आत्मा तर मुळीच नाही. मांजर्लीतल्या तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि त्यांच्या खाली अस्मिताचा फोटो होता. अस्मिता म्हणजे भागीरथीबाईंची आधीची सून, त्यांच्या मुलाची, राजेंद्रची, पहिली बायको. ती अमेरिकेत वारली त्याला पाच वर्षं होत आली होती. नेत्रा त्याच राजेंद्रशी लग्न करून त्या घरात आली, आणि आल्या दिवशीच तिने पाहिलं की लोखंडी कपाटाचं डावं दार कुणी हात न लावता उघडतं.

“पुराच्या पाण्यानं वाकलंय ते,” भागीरथीबाई म्हणाल्या. उल्हास नदी त्या वर्षी कपाटाच्या कमरेपर्यंत आली होती, गंजाची रेघ अजून दिसत होती. कारण अगदी पटण्यासारखं होतं. फक्त दार उघडलं की बाई हातातलं काम टाकून उठायच्या, दुखऱ्या गुडघ्यानं चालत जायच्या, आणि ते लावताना हलक्या आवाजात “हो, हो” म्हणायच्या. वाकलेल्या पत्र्याला कुणी हो म्हणत नाही. पण नेत्रा नवी सून होती.

उजवं दार नेत्राचं होतं. डावीकडे अस्मिताच्या साड्या तशाच होत्या.

नेत्रा उल्हासनगरच्या कॅम्प चारची. वय चौतीस. बाप लवकर गेला, मागे दोन भावंडं, म्हणून पोरीचं लग्न राहून गेलं, असं लोक हळहळून सांगायचे. ती स्वतः म्हणायची, वेळच कुठे होता? सतराव्या वर्षी ती जीन्सच्या कारखान्यात धागे तोडायला लागली आणि दहा-बारा वर्षांत कटिंगच्या टेबलापर्यंत पोचली. डेनिमचे चाळीस थर एकावर एक घातले आणि खडूची रेघ एकदा मारली, की तिची मशीन त्या रेघेवरून केसभरसुद्धा हलायची नाही. सिंधी शेठ तोंडाचा फटकळ, पण गिऱ्हाईक आलं की सांगायचा, “ये हमारी नेत्रा मास्टर. कपडा इसके हाथ में दो, फिर देखो.” मास्टर म्हणवून घेणारी त्या गल्लीत ती एकटीच बाई होती, आणि याचा तिला भारी तोरा होता. का नसावा?

राजेंद्र एकेचाळीसचा, सावकाश बोलणारा, डॅलसला सॉफ्टवेअरमध्ये. तीन आठवड्यांच्या सुट्टीत विहारात लग्न झालं. जाण्याआधी त्याने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथे काम करता येत नाही. नवऱ्याचा कायम राहण्याचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला की बायकोला कामाचं वेगळं कार्ड मागता येतं. ते हातात पडेपर्यंत घरी बसायचं.

“माझा अर्ज तो टप्पा कधीच ओलांडून गेलाय,” तो म्हणाला. “तुझं कार्ड वर्षभरात येईल. अस्मिताला सहा वर्षं थांबावं लागलं, आणि...” पुढचं तो बोलला नाही. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. मांजर्लीत, अंबरनाथच्या नातेवाइकांत, विहारातल्या बायकांत, अस्मिताचं नाव निघालं की तेच वाक्य यायचं: कार्ड येण्याआधीच गेली बिचारी.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख चार महिन्यांनी होती. तोवर सासू-सून दोघीच.

भागीरथीबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगून टाकलेलं बरं. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं पॅकिंग केलं होतं. अजूनही चिमटीत काड्या उचलून न मोजता पन्नास सांगायच्या. नवरा शिवराम अंथरुणाला खिळला तेव्हा घर त्याच चिमटीवर चाललं. बाईच्या हातात स्वतःचं काम पाहिजे, हे त्या इतक्यांदा आणि इतक्या ठणकावून सांगायच्या की शेजारणी त्यांना बघून वाट बदलायच्या. नेत्राला मात्र त्यांचं हे बोलणं आवडायचं.

एकच गोष्ट तिला खटकायची. रोज संध्याकाळी साडेसाताला बाई खुर्ची ओढून टीव्हीशेजारच्या फळीसमोर बसायच्या. फळीवर मोबाइल उभा करून ठेवलेला. राजेंद्रचा फोन रविवारी यायचा, एरवी कुणाचाच नाही. तरी त्या पदर नीट करून अर्धा तास बसून राहायच्या. अस्मिता होती तेव्हा याच वेळेला तिचा फोन यायचा, तिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत. एकदा नेत्रा चहा घेऊन गेली तर काळ्या स्क्रीनसमोर बाईंचे ओठ हलत होते. तिने नीट पाहिलं. चार शब्द होते, पुन्हा पुन्हा तेच: “कार्ड आलं का गं?”

नेत्राने चहा फळीवर ठेवला आणि मागे वळली. कपाटाचं दार उघडं होतं.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी राजेंद्रचा निरोप आला की फाइलला अस्मिताच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत लागेल. आपलं लग्न कायदेशीर ठरायला एका बाईचं मरण कागदावर हवं, हे नेत्राला कसंसंच वाटलं. भागीरथीबाईंनी कनवटीची किल्ली काढून दिली आणि म्हणाल्या, “डाव्या दाराच्या आत, वरच्या लॉकरमध्ये. दाखला तेवढा घे. दुसऱ्या कशाला हात लावू नको.”

आता असं सांगितल्यावर कुठल्या बाईचा हात थांबतो?

दाखल्याखाली एक वही होती, आणि वहीत प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड. कार्डावर अस्मिताचा फोटो, केस घट्ट बांधलेले, नजर थेट समोर. नेत्राला इंग्रजी अडखळत यायचं, पण आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. कार्डावरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख तिने शेजारी शेजारी धरली. कार्ड चौदा महिने आधीचं होतं.

म्हणजे कार्ड आलं होतं. अस्मिता जिवंत असताना, तिच्या हातात.

तिने वही उघडली. अस्मिता लग्नाआधी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती, मालाची प्रत्येक बॅच तपासून पास की नापास लिहायची. वहीतही तिने तसेच रकाने आखले होते. तारीख, कंपनीचं नाव, आणि शेवटी निकाल. एकसष्ट ओळी होत्या आणि एकसष्ट वेळा ‘नापास’ लिहिलेलं होतं, त्याच टापटीप अक्षरात. बासष्टाव्या ओळीत कंपनीच्या जागी तिने स्वतःचं नाव घातलं होतं, आणि निकालाचा रकाना कोरा ठेवला होता.

“वाचलंस?” मागे भागीरथीबाई उभ्या होत्या. नेत्राला वाटलं आता तोंड सुटणार. पण बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

“माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आली होती, तेव्हा ठेवून गेली. मला सांगायलाच आणलं असणार. सांगता आलं नसेल. ती गेल्यावर मला सापडलं. राजूला पण माहीत होतं कार्ड आल्याचं. दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं. का, माहितीये? मी रोज विचारायची म्हणून. सहा वर्षं रोज. कार्ड आलं का, कार्ड आलं का. मला वाटायचं मी तिला धीर देतेय. कार्ड आल्यावर नोकरी कुणी देईना, सहा वर्षं घरी का बसलीस म्हणून. मंग मला काय सांगणार ती? ‘नाही आलं आई’ म्हणायची. हसून म्हणायची गं. आणि मी दुसऱ्या दिवशी परत विचारायची.”

“हृदय बंद पडलं होतं ना, आई? दाखल्यावर तसंच आहे.”

“हां. तसंच आहे.” बाईंनी वही मिटली. “राजूला बोलू नको, मला माहितीये म्हणून. आणि ऐक. तुला मी ते कधीच विचारणार नाही.”

पंधरवड्यात व्हिसा आला. नेत्राने बॅगेत साड्यांच्या मधोमध आपली मोठी कात्री गुंडाळली आणि गेली.

डॅलसचं घर तेच होतं, अस्मिता राहायची ते. राजेंद्रने पडदे बदलले होते, भांडी नवी घेतली होती, बिचाऱ्याला जेवढं सुचलं तेवढं केलं होतं. पण खिडकीपाशी गालिच्यात खुर्चीच्या चार पायांचे चार खड्डे होते. नेत्राने पहिल्याच दिवशी खुर्ची दुसऱ्या भिंतीला नेली. महिन्याभरात, कधी ते तिलाही कळलं नाही, खुर्ची परत खिडकीशी आली होती, आणि पाय बरोबर त्या खड्ड्यांत बसले होते. तिला भीती वाटली. भुताची नाही. आपण अशाच इथे बसत जाऊ, बसत जाऊ, आणि एक दिवस आपली मास्टरकी हातातून निघून गेलेली असेल, याची.

ती जुन्या वर्तमानपत्रांवर पॅटर्न काढायची आणि कापायची. छत्तीस कंबर, अडतीस कंबर. कापून झालं की कचऱ्यात. वाण्याच्या वाटेवर कपडे दुरुस्तीचं एक दुकान होतं, त्याच्या काचेला कटर पाहिजे अशी पाटी होती. ती वाचायला तिला इंग्रजी पुरत होतं. तिथून जाताना ती पावलं उगाच हळू टाकायची.

रोज सकाळी नऊला ती मांजर्लीला फोन लावायची. भागीरथीबाई सगळं विचारायच्या. भाजी काय केलीस, थंडी आहे का, राजू वेळेवर जेवतो का. ते मात्र नाही. कार्डाचा अर्ज केला, बोटांचे ठसे देऊन झाले, महिने गेले, बाईंनी शब्द पाळला. आणि तो न विचारलेला प्रश्न दोघींच्या मध्ये असा येऊन बसला की नेत्राला कधी कधी वाटायचं, विचारून टाकलं असतं तर बरं. स्क्रीनवर बाईंच्या मागे कपाटाचं दार उघडायचं. बाई उठायच्या, लावायच्या, “हो, हो” म्हणायच्या, परत येऊन बसायच्या.

दहाव्या महिन्यात, उन्हाळ्यात, टपालाच्या पेटीत पाकीट आलं. कार्डावर नेत्राचा फोटो होता, केस घट्ट बांधलेले, नजर समोर. तिने आनंदानं नाचायला हवं होतं. ती पायऱ्यांवरच बसली.

संध्याकाळी राजेंद्रने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “आईला इतक्यात नको सांगू. आधी कामाचं काही ठरू दे. उगाच तुझ्या डोक्याला ताप नको.”

मायेनंच म्हणाला तो. पण ते शब्द इतके सरावाचे आले, कुठेही न अडखळता, की नेत्राच्या अंगावर काटा आला. हे वाक्य या घरात आधी एकदा बोललं गेलं होतं. याच स्वयंपाकघरात, याच आवाजात. आणि ते ऐकणारी बाई मान हलवून हो म्हणाली होती. नेत्रानेही मान हलवली, आणि कार्ड तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

पहिल्या दिवशी ती स्वतःला म्हणाली, उद्या दुकानात जाऊ. दुसऱ्या दिवशी इंग्रजीची आठवण झाली. तिसऱ्या दिवशी वाटलं, मालकाने काही विचारलं आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही तर? चौथ्या दिवशी ती वाण्याकडे दुसऱ्या रस्त्याने गेली. एकसष्ट ओळी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. तिकडे बाई विचारायच्या, “काय चाललंय?” आणि ती हसून म्हणायची, “काही नाही, आई.” आठव्या दिवशी असं म्हणून फोन ठेवल्यावर काळ्या स्क्रीनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसला. तोंडावर ते हसू अजून तसंच होतं.

नवव्या दिवशी नऊला तिने फोन लावला. भाजी झाली, ऊन झालं, राजूचं जेवण झालं.

“आई,” ती म्हणाली, “विचारा ना.”

“काय?”

“जे ताईंना विचारायचात, ते. एकदा विचारा मला.”

भागीरथीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मागे दार उघडलं. त्या उठल्या नाहीत. मग त्यांच्या तोंडून आवाज आला, पातळ, म्हातारा.

“अस्मिता, कार्ड आलं का गं?”

नाव चुकलं होतं. ते बाईंनाही कळलं, त्यांचे डोळे भेदरले. नेत्राने चूक सुधारली नाही.

“आलं, आई,” ती म्हणाली. “आलंय. मी लपवून ठेवलं होतं.”

बाई रडल्या नाहीत असं कसं सांगू? भरपूर रडल्या, नाक ओढत, मोठ्यानं, शेजारच्या बायका दारात येईपर्यंत. नेत्रा तशीच धरून राहिली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कार्ड, स्क्रीनच्या अगदी जवळ.

“लय दिवस ठेवलंस का लपवून?” शेवटी त्यांनी विचारलं.

“आठ दिवस.”

“आठच ना? मंग जा. आत्ता जा. नापास केलं तरी मला येऊन सांग. मी परत नाही विचारणार, तू आपली सांग.”

नेत्राने खुर्ची मागे सारली. कात्री पिशवीत घातली. फोन ठेवण्याआधी तिने एकदा बाईंच्या मागे पाहिलं. दार सताड उघडं होतं.

“आई, ते दार...”

“राहू दे,” भागीरथीबाई म्हणाल्या. “तिला बघू दे.”