मशीन कुणाला विचारून बनवायचं

कळंबच्या ज्या कारखान्यात मी कडबाकुट्टी मशीनची डिझाइनं काढते, तिथं नव्या मॉडेलची बैठक चहा-भज्यांवर चालते. मालक, विक्रीवाला, फिटर आणि मी. मागं एकदा वाद पेटला: मोटर मोठी करायची, की पाती उलटी फिरवणारा दांडा बसवायचा? चारा अडकला तर दांडा ओढून तो बाहेर काढता येतो, हात घालावा लागत नाही. मी दांड्याच्या बाजूची होते.

"गिऱ्हाइकालाच विचारा," मालक म्हणाले. विक्रीवाला आणि मी गावोगाव फिरलो. ओसरीवर पुरुषमंडळी बोलली, "मोटर दणकट पायजे. दांडा कशाला? न्हाय लागत." रोज मशीनमध्ये चारा सारणाऱ्या बाया तेव्हा चुलीपाशी होत्या. आल्या, कप ठेवून गेल्या. पाहुण्यांसमोर घरधन्याच्या बोलण्यात बाई तोंड घालत नाही, आणि आम्हीही तिला बस म्हणालो नाही. मोटर जिंकली.

आमच्या गावी, बेंबळीला, माझ्या वडिलांनी हौसेनं तेच मॉडेल घेतलं. पावसाळ्यात ओलं कडवळ अडकलं. बटण लांब भिंतीवर, म्हशी हंबरत होत्या. आईनं हात घातला. उजवा पंजा मनगटापासून गेला.

दवाखान्यात मला रडू आलं नाही, संताप आला. बैठकीत मी भज्यांची प्लेट भिरकावली. विकत घेणारा वेगळा आणि राबणारी वेगळी, एवढं कळायला माझ्या आईचा हात जावा लागला का, असं तोंडावर विचारलं. दांडा मंजूर झाला. या खेपेला आम्ही थेट गोठ्यात गेलो, बायांच्या हाती मशीन दिलं. त्यांनी दांडा ओढून पाहिला, खूश झाल्या. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

पहिलं मशीन मी आईकडं नेलं. म्हशींचा चारा ती अजून कुणावर सोडत नाही. तिनं डाव्या हातानं पेंढी सारली, ती अडकली. दांडा उजवीकडं होता. देवाला असो की यंत्राला, लावायचा तो उजवा हात. आमच्या किंवा त्या बायांच्या डोक्यात दुसरी बाजू आलीच नव्हती. आईनं थोटं मनगट दांड्यावर दाबलं, ते घसरलं. मग उरलेला हात चालू मशीनच्या तोंडावरून पलीकडं नेऊ लागली. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

ती खजील झाली होती.

"मशीन झ्याक केलंय गं तुमी," ती म्हणाली. "मलाच जमंना."