बाबांनी न म्हटलेलं ‘थांब’

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये ‘श्रद्धा ठेवा ताई’ लिहायची तसदी कुणी घेऊ नये. आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत. भानामती, करणी, अंगात येणं... यांच्याविरुद्धच्या पत्रकांना घड्या घालत मी अक्षरं शिकले. त्यामुळे हे लिहिताना माझंच डोकं फिरलंय.

मी अमरावतीजवळ विमान उडवायला शिकले, खासगी परवाना मिळवला. आता पहिल्यांदाच नागपूरला जायचं होतं. तिथलं आकाश गजबजलेलं. विमानतळाच्या टॉवरने रेडिओवर परवानगी दिल्याशिवाय हद्दीत शिरायचं नाही. शिरलं तर परवाना जाऊ शकतो. जीवसुद्धा.

सराव म्हणून आठवडाभर अकोल्याला घरी बाबांना टॉवर केलं. बाबा एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. त्यांच्याकडे गाडी आधी आत यायची, फलाट मग मिळायचा. मी उंची, अंतर सांगितलं की लगेच — ‘ये आत!’

‘बाबा, तुमी मले थांबवा नं! गर्दी आहे म्हणा.’

‘अवं, दारात आलेली गाडी कावून अडवू? पॅसेंजर शिव्या देतीन.’

दहादा भांडले. दहादा ‘ये आत’.

शनिवारी सकाळी अमरावतीहून निघाले. लख्ख ऊन. पहिली खेप म्हणून शेजारी आमचे प्रशिक्षक — केरळचे, मराठीचं अक्षर कळत नाही. हद्द दोन मिनिटांवर असताना टॉवरला हाक दिली. उत्तर आलं, ‘स्टँडबाय.’ म्हणजे वाट बघा, ही परवानगी नव्हे. मला माहीत होतं! पण आठवडाभराची सवय... आवाज दिला, उत्तर आलं, चला आत. मी सरळ जात राहिले. सर नकाशात बघत होते.

आणि हेडफोनमध्ये स्पष्ट आलं — ‘थांब पोरी. आत नको येऊ.’

बाबांचा आवाज. स्टँडच्या भोंग्यावरून यायचा तसा, शेवट ओढलेला.

मी विमान वळवलं. सरांनी मान वर करून इंग्रजीत विचारलं, ‘हा माणूस कोण? थांब म्हणजे काय?’

मिनिटभरात एक मोठं प्रवासी विमान आमच्या पुढून उतरत गेलं. मग परवानगी आली.

नागपुरात उतरून टॉवरवाल्यांना विचारलं. त्या वेळी रेडिओवर मराठीत कुणीच बोललं नव्हतं. बाबा तेव्हा अकोल्यात, सलीमचाचांच्या सलूनमध्ये दाढी करून घेत बसले होते. चाचा साक्षीला आहेत.

मनाचा खेळ म्हणावं, तर सरांच्या मनात मराठी कुठून आली? ‘बापाची पुण्याई’ म्हणणाऱ्यांनो, बाप जिवंत आहे आणि माझ्याहून जास्त चिडलाय. आयुष्यभर आम्ही लोकांना ‘कारण शोधा’ सांगितलं, आणि माझ्याकडे आज कारण नाही. खोटं कारण मी देणार नाही.

बाबांना पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागले.

‘मले काय विचारून राहिली? तो मी नव्हतोच. मी असतो, तं तुले आत घेतलं असतं.’