माझा सर्वांत गाजलेला लेख

माझ्या नावावर जे काही छापलेलं आहे त्यातला सर्वांत गाजलेला शोधनिबंध चूक आहे. हे मला ठाऊक आहे, माझ्या एका विद्यार्थिनीला ठाऊक आहे, आणि ज्यांनी तो खरोखर वाचला त्या सगळ्यांना ठाऊक आहे. निवड समितीला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण समितीने तो वाचला नव्हता, मोजला होता.

विषय गंगेच्या पाण्याचा. बनारसमध्ये रसायनशास्त्र शिकवायचं आणि या पाण्यावर लिहायचं नाही, हे आमच्या विभागात कुणालाच जमलेलं नाही. मला सकाळी तास असायचे, म्हणून पाण्याचे नमुने आणायचं काम मी बाबांवर सोपवलं. ते निवृत्त शिक्षक, रोज पहाटे बालाजी घाटावर स्नानाला जात. मी त्यांना प्लास्टिकच्या निर्जंतुक बाटल्या दिल्या, चिठ्ठ्या कशा लावायच्या ते दाखवलं. वर्षभरात त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पाण्यात तांब्याचा अंश निघाला, जंतू जवळजवळ नव्हतेच. गंगाजल का नासत नाही याचं उत्तर सापडलं म्हणून मी हुरळून गेले. लेख छापून आला, वर्तमानपत्रांनी उचलला, आणि बाबांनी कात्रण अख्ख्या मोहल्ल्यात फिरवलं.

काही वर्षांनी आमच्याच गल्लीतली एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी.ला आली आणि तेच प्रयोग पुन्हा करायला बसली. तिच्या पाण्यात तांबं सापडेना. जंतू मात्र हवे तेवढे. एका रविवारी ती घरी आली आणि तिने सरळ बाबांनाच विचारलं, "काका, तुम्ही नमुने कसे भरायचात?"

"प्लास्टिकमध्ये गंगाजल कोण भरतं?" बाबा म्हणाले. "मी तर तांब्याच्या कळशीत आणायचो. रातभर देवाजवळ ठेवायचो, मग सुबह हिच्या बाटल्या भरून द्यायचो. एकदम साफ पाणी. का गं, कुछ गडबड?"

तांबं नदीतलं नव्हतं, आमच्या कळशीतलं होतं. बाबांना बोल लावायला मला तोंडच नव्हतं. वर्षभरात एकदाही घाटावर जाऊन न पाहणारी मीच.

तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, लेख मागे घ्यावा लागेल."

"बाबा आहेत तोवर थांब गं. त्यांना सहन होणार नाही."

सहन मला होणार नव्हतं. बाबांचं नाव पुढे करणं सोपं गेलं, एवढंच. तिने ऐकलं. स्वतःचे निष्कर्ष तिने छापले, पण आधीच्या आकड्यांशी ते जुळत नाहीत एवढंच लिहिलं. कळशीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर माझ्या लेखाला खरे बरे दिवस आले. डॉक्टरांनी खोडून काढण्यासाठी त्याचा दाखला दिला. समाजशास्त्रज्ञांनी श्रद्धा विज्ञानाचे कपडे कसे घालते याचा नमुना म्हणून दिला. संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांनी तर काय करू नये या प्रकरणात तो घातला. आणि असा प्रत्येक दाखला, प्रत्येक चपराक, माझ्या नावापुढे साइटेशन म्हणून चढत गेली. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच.

मग विभागात प्राध्यापकाची एकच जागा निघाली. माझी ती विद्यार्थिनी तोवर माझी सहकारी झाली होती. दोघींनी अर्ज केला. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. अर्ज भरायच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "काका गेले ना ताई. आता तरी?"

मी म्हटलं, "मुलाखत होऊ दे."

समितीत पाण्यातलं कळणारं कुणी नव्हतं. अर्थशास्त्राचे एक गृहस्थ माझ्या कागदांवर फारच खूश होते. "मॅडम, तुमचं एक काम वैद्यकापासून समाजशास्त्रापर्यंत पोचलंय! हे कसं साधलंत?" दाखला देणाऱ्या लेखांपैकी एक जरी त्यांनी उघडला असता तरी मला तिथून उठावं लागलं असतं. त्यांनी उघडला नव्हता. "विषयच तसा आहे, सर," मी म्हणाले. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं आजही नवल वाटतं. तिचं इतक्या वर्षांचं चोख काम माझ्या एका चुकीच्या पासंगालाही पुरलं नाही.

जागा मला मिळाली. तिने अभिनंदन केलं, पेढा घेतला, आणि लेखाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मागे घेण्याचं पत्र मी अजून लिहिलेलं नाही. मला लाज वाटते, खरंच वाटते. तरी सकाळी विभागात आल्याआल्या मी आधी साइटेशनचा आकडा बघते, आणि तो वाढलेला दिसला की मला बरं वाटतं.