पंपाच्या वळणातलं पाणी

गेल्या वर्षी मी एका पंपातून पाण्याऐवजी काकवी वाहवली, आणि वर त्याचं रंगीत चित्र छापून भिंतीला लावलं.

त्याचं असं झालं. आमच्या ओतकामाच्या कारखान्यात पंप ओतण्याआधी त्यातून पाणी कसं जाईल, ते मी कॉम्प्युटरवर बघतो. आधीचं काम काकवीच्या पंपाचं होतं. तीच फाइल उचलली, आकार बदलला, काकवी काढून पाणी घालायचं विसरलो. काकवी दाट, संथ सरकणारी. म्हणून प्रवाहातली खळबळ मोजणारं गणितही बंदच ठेवलेलं. नव्या पंपाच्या वळणातून निळ्या रेघा अशा शिस्तीत गेल्या, की मी स्वतःलाच चहा पाजला.

त्या आकाराचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा घेतात तो नमुना, आमचे वयस्क मेस्त्री कोरणार होते. सागवानी ठोकळा एकच, काम तीन आठवड्यांचं. वळण चुकलं की सगळं वाया. पटाशी घेऊन ते चित्रापुढे उभे राहिले.

"साहेब, हे पाणी हाय?"

"व्हय की."

"आणि वळणावर एवढं शहाण्यागत?" त्यांनी वळणाच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं. "आमच्या कुरुंदवाडला नदी वळती, तितं हितंच भवरा पडतोय. हे तर काकवीगत चाललंय."

मी हसलो. हसतहसतच फाइल उघडली, आणि हसू गिळलं.

"मेस्त्री, आज लाकडाला हात लावू नका."

"न्हाय लावत. चालू द्या तुमचं."

पाणी घातलं, खळबळीचं गणित सुरू केलं. कॉम्प्युटर दोन दिवस घरघरत होता. तिसऱ्या दिवशी भोवरा उमलला, मेस्त्रींनी बोट ठेवलं होतं तिथंच. मोठ्यातून लहान, लहानातून चिमुकले, आणि त्याहीपुढं माझं गणित हात टेकतं तिथपर्यंत. अगदी शेवटचा भोवरा पाण्यात किंचित ऊब ठेवून विरतो. ते सगळे मोजायला आमचा कॉम्प्युटर जन्मभर चालवला तरी पुरायचा नाही. म्हणून बारक्यांचा आम्ही अंदाज धरतो आणि त्याला ऐटीत मॉडेल म्हणतो. वीस वर्षं हेच करतोय, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. मेस्त्रीही टोपी काढून बघत राहिले.

वळण ऐसपैस केलं, भोवरा निवला, मगच पटाशी लाकडाला लागली.

जेवताना बायकोला हे सगळं भारावून सांगितलं. तिनं ताटात भाकरी टाकली.

"अहो, त्यांना उभ्याउभ्या दिसलं, त्याला तुम्हाला दोन दिवस लागले. पुढच्या खेपेला आधी मेस्त्रींना विचारा की. वीज तरी वाचेल."