बाबाचा उजवा कान

आमचे बाबा, सिद्धोधन, पिंगळीचे. जिनिंगमधी रेच्याच्या, म्हंजी सरकी काढायच्या त्या धडधडत्या यंत्राच्या, तोंडाशी उभं राहून दिवसभर कापूस टाकणारा असा गडी परभणीत दुसरा दाखवा, मी मिशी काढतो. संध्याकाळी रेल्वेनं घरी येतात तवा भुवया सुदीक पांढऱ्याफेक. अन् मी त्यांचा थोरला. जेवायला असो, लग्नाच्या मांडवात असो, बाबाच्या उजव्या हाताला मीच. तिथून बोललो की बाबा मान हालवतात. बाबानं माझा शब्द कवाच मोडला न्हाई, हे अख्ख्या गावाला ठावं हाय, मीच सांगितलंय. एकच गोष्ट कळत नव्हती. दर दसऱ्याला जिनिंगचा हंगाम आला की मी म्हणायचो, "बाबा, बास झालं, यंदा जिनिंगला जाऊ नका." ते मान हालवायचे अन् दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्टेशनवर!

माझी धाकटी बहीण सुकेशनी बी.ए.ला हाय. आमच्या खानदानात पयली कवयित्री. कॉलेजात तिचं कवितावाचन ठेवलं तवा मी बाबाला इस्त्रीचा सदरा घालून पयल्या रांगेत बसवलं. उजवीकडं मी, अर्थातच. तिनं म्हणलं,

बाप माझा कापसाचा डोंगर उपसतो
सांजेला ढग होऊन घरी येतो
उजवा कान त्यानं रेच्याला देऊन टाकला
डाव्या कानावर आमचं घर उभं हाय

सरांनी पोरांना इचारलं, "ढग होऊन येतो, इथं अलंकार कोणता?"

एक पोरगी म्हणली, "रूपक."

"आणि कान देऊन टाकला?"

मी नववीच शिकलो, पण अलंकार तोंडपाठ. उठलो. "अतिशयोक्ती, सर! कान कुणी देत असतंय व्हय?"

काय टाळ्या पडल्या! तेवढ्यात सुकेशनी खाली उतरून माझ्या कानाशी आली. "दादा, अतिशयोक्ती न्हाई ती. बाबाला त्या कानानं काईच ऐकू येत न्हाई."

मी खाली बसलो. बाबा हसत टाळ्या वाजवायलेत. मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणलो, "बाबा, आपल्या घराला आग लागली."

बाबानं मान हालवली. हसतच.

बाहेर आल्यावर मी सुकेशनीला धरलं. "तुला कवा कळलं?"

"दिवाळीत. फोन डाव्याच कानाला लावतात म्हणून डॉक्टरकडं नेलं. रेचा सोडला न्हाई तर डावा बी जाईल म्हणले."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"बाबा म्हणले, दादाला सांगू नको. कवितेत लिहू नको, असं न्हाई म्हणले."

चहाच्या टपरीवर मी पयल्यांदा बाबाच्या डावीकडं बसलो. बाबा चमकले. "आज इकडं कुठं?"

"बाबा, रेचा सोडा."

"मुळीच न्हाई."

चहा माझ्या मांडीवर सांडला. जन्मात पयल्यांदा बाबा मला न्हाई म्हणले! "अन् इतकी वर्षं मान हालवत होते ते?"

"तू लय ऐटीत बोलतो लेका. मान हालवली की खुश होतो."

टपरीवाला बी हसला. मी म्हणलो, "डावा गेल्यावर हिची कविता कशी ऐकणार?"

बाबा म्हणले, "सुके, पुन्हा म्हण." तिनं म्हणली. "जरा हळू." तिनं आवाज उतरवला. बाबा पुढं वाकले, अजून वाकले. शेवटच्या ओळीला त्यांनी नुसतं तिच्या ओठाकडं बघितलं.

कप खाली ठेवून म्हणले, "मुकादमाला उद्या सांगतो."

आता मी डावीकडंच बसतो. बाबा माझं निम्मं बोलणं तिथल्या तिथं खोडतात. असा बाप परभणीत दुसरा दाखवा.