एक वाजला की परत

माझ्या सासऱ्यांबद्दल दोन शब्द चांगले सांग, असं कुणी म्हटलं तर मी पाणी प्यायला उठते. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गेल्या सहा वर्षांत मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा जन्मात कुणाचा आला नसेल.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. चौतीस वर्षं अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली. आता निवृत्त झालेत, तरी कमरेचा चाव्यांचा जुडगा काही सुटलेला नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण त्यांना 'परतसाहेब' म्हणते. आमचं कुटुंब हौशी, दर महिन्याला कुठे ना कुठे निघतं. पण सहलीचा नियम बाबांचा. सकाळी सातला घर सोडायचं आणि दुपारी एक वाजला की असू तिथून परत फिरायचं. जायला सहा तास लागले तर यायलाही सहा लागणार, म्हणजे दिवेलागणीला, अंधार दाटायच्या आत घरी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. हे पहिल्यापासून ताकच फुंकत बसलेले.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आम्ही एक गुहा पाहायला गेलो. आत मोठं दालन आहे म्हणे. त्याच्या तोंडाशी एक वाजला. मी हसले, मला वाटलं थट्टा चाललीय. बाकीचे निमूट वळले. उन्हाळ्यात बाबांना मासेमारीचा छंद लागला. गळ, खुर्च्या, टोप्या, सगळा लवाजमा घेऊन आम्ही नदीकाठी बसलो. पाच तास काही नाही. मग गळाचं बूच गपकन पाण्याखाली गेलं, माझा नवरा ओरडला, आणि बाबा म्हणाले, "गुंडाळा." पावसाळ्यात चार मजली संग्रहालय. दोन मजले झाले आणि आम्ही जिना उतरायला लागलो.

"बाबा, छताखाली कसला अंधार पडणार?" मी विचारलं.

"सवय मोडू नये," ते म्हणाले.

नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणे, "अगं, लहानपणापासून असंच आहे." जणू लहानपणापासून असलेलं सगळं बरोबरच असतं! पालथ्या घड्यावर पाणी.

खरा जीव तुटायचा तो आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी. आई बालवाडीच्या बाई होत्या. बोलक्या, खिदळणाऱ्या, वाटेत दिसेल त्या कुत्र्याशी गप्पा मारणाऱ्या. त्यांना एकच गोष्ट बघायची होती, डोंगरमाथ्यावरचं तळं. स्वतःचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर त्याचं चित्र पाहिलं होतं. त्या तळ्याच्या वाटेला आमचं घर नऊ वेळा लागलं होतं. नऊही वेळा एक वाजला.

यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी आईंना स्पष्ट सांगितलं, "ही शेवटची चढण. यापुढे फक्त सपाटीवर चालायचं." त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बूट धुतले.

दहाव्या खेपेला त्या पहाटेच उठल्या, सगळ्यांची पांघरुणं ओढली आणि आम्हाला सहालाच बाहेर काढलं. तास हाताशी ठेवला होता पठ्ठीने! चढणीवर मात्र गुडघ्यांनी तो खाऊन टाकला. दर शंभर पावलांवर त्या थांबायच्या, हसायच्या, पुन्हा चालायच्या. शेवटच्या चढावर वरून एक जोडपं उतरत आलं. "आलंच हो," त्यातली बाई म्हणाली. "त्या वळणापलीकडे. दहा मिनिटं."

बाबांनी घड्याळ पाहिलं. "एक वाजला."

"बाबा, दहा मिनिटं फक्त," मी म्हटलं.

"दहाची वीस होतात."

"आज आपण तासभर आधी निघालोय."

"तो तास तिच्या गुडघ्यांचा. उतरताना ते जास्त दुखतात."

नवरा बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेलीच होती ती. आई म्हणाल्या, "राहू दे गं. चला," आणि एका दगडावर टेकल्या. हातातोंडाशी आलेला घास, आणि ही बाई 'राहू दे' म्हणते!

मग माझा तोल गेला. "तुमच्या भित्रेपणापायी यांचा जन्म अर्ध्या वाटेवर गेला," मी सासऱ्यांना तोंडावर म्हणाले.

बाबा चिडले नाहीत. "अडकलेली माणसं मी पाहिलीत, तू नाहीस. दार उघडलं की पहिलं काय म्हणतात माहितीये? उगाच आत आलो."

"आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिफ्टनेच जातात!" मी म्हटलं आणि तरातरा चालू लागले. मागून माझ्या नावाची हाक आली. कुणाची, ते मी ऐकूनच घेतलं नाही.

तळं मोठं होतं, हिरवंकाळं. काठाला एक होडी पालथी पडलेली, शेजारी लाकडी बाक. रागात काय सौंदर्य दिसणार? दोन मिनिटांत बघून झालं. तरी मी बाकावर बसून राहिले. खोटं कशाला बोलू, त्यांना ताटकळत ठेवावं म्हणूनच बसले.

परत येताना मी ठरवलं होतं, आईंनी विचारलं तर 'काही विशेष नाही हो' म्हणायचं. त्या दगडावरच होत्या, गुडघा चोळत. बाबा पाण्याची बाटली उघडून शेजारी उभे. मला पाहून ते म्हणाले, "बावीस मिनिटं."

माझं ठरवणं तिथेच संपलं. "काठोकाठ भरलंय!" मी मोठ्यांदा म्हणाले. "असं पाणी जन्मात पाहिलं नाही. वारा काय, लाटा काय! ज्याने पाहिलं नाही त्याचा जन्म फुकट!" मी बाबांना सुनावत होते. बाबा बाटलीचं झाकण लावत होते.

ऐकत होत्या त्या आई.

त्यांचा गुडघ्यावरचा हात थांबला. "बसायला काही आहे का गं तिथे?"

"बाक आहे."

"बसलीस?"

"...हो."

"मी उठले होते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू निघालीस तशी उठले. हाकही मारली. हात धरून नेलं असतंस तर आले असते मी. यांना काय, ओरडले असते थोडे. पण तू वळून पाहिलंच नाहीस."

बाबांनी हात पुढे केला, आईंनी तो धरला आणि सावकाश उठून दोघं उतरणीला लागले. बाबांवरचा माझा राग गेला नाही, आजही गेलेला नाही. पण त्या उतारावर त्यांनी आईंचा हात एकदाही सोडला नाही, आणि मागून चालताना माझे दोन्ही हात रिकामे होते.